पुढे लागेल!

सहलीला निघालेल्या कुठल्याही मराठी गटात एक माणूस पाण्याचा असतो. फोटोंचा वेगळा, गोळ्या-औषधांचा वेगळा, दर वस्तूचे रुपये करून सांगणारा वेगळा. ही खाती दर सहलीला या हातातून त्या हातात जातात. पाण्याचं खातं मात्र जन्मभर एकाकडेच राहतं आणि ते त्याला कोणी दिलेलं नसतं. पुण्याची गाडी कर्जतला थांबली की लोक वड्यासाठी उतरतात, हा नळासाठी. घाट चढायला मागून इंजिन जोडेपर्यंत किती वेळ मिळतो, हे त्याला गार्डापेक्षा नेमकं ठाऊक. गाडी हलते, बायको खिडकीतून हाका मारते आणि हा नळाशी वाकून, बाटलीच्या गळ्यात राहिलेली दोन बोटं जागा भरून घेत असतो. धावत येऊन दांडी पकडतो आणि धापा टाकत बाटली सगळ्यांना दाखवतो. डब्यात त्या वेळी तहान कोणालाच लागलेली नसते.

आमचे अण्णा हे या पंथाचे मुलुंडमधले पीठाधीश. नोकरी तिथल्याच जकात नाक्यावर झाली. शहरात शिरणाऱ्या ट्रकमध्ये काय आहे, हे ताडपत्री उचलायच्या आत सांगण्यात हयात गेली. 'पोतं फसवतं, ड्रायव्हरचा चेहरा फसवत नाही,' हे त्यांचं त्या खात्यातलं संशोधन. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात उठली आणि नाका ओस पडला. अण्णा पुढे रीतसर निवृत्त झाले, पण ते स्वतः म्हणतात, "मी निवृत्त झालोच नाही. नाका झाला."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासलेल्या माणसाची, स्वतःच्या पिशवीत काय असावं याबद्दलची मतं पक्की असतात. अण्णांजवळ तीन बाटल्या असतात. थोरली स्टीलची, लिटरभराची, निरोपसमारंभात मिळालेली. तिच्यावर नाव घातलेलं आहे आणि खाली 'सप्रेम भेट'. तिला अण्णांचा जुना पायमोजा चढवलेला असतो, आणि तो मोजा सदैव ओला, म्हणजे पाणी गार राहतं. मधली बाटली प्लॅस्टिकची, पूर्वाश्रमीची आंब्याच्या सरबताची. तिच्यातल्या पाण्याला अजून आंब्याचा वास येतो. फक्त अण्णांना येत नाही. धाकटी पाव लिटरची, ती शर्टाच्या आत शिवलेल्या खिशात. हे त्यांच्याकडे घराण्यातूनच आलं असावं. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने देवगडला जाताना त्यांच्या आईजवळ फिरकीचा तांब्या असायचा आणि तो घरी पोचेपर्यंत उघडायचा नाही, असा दंडक होता.

दंडकाचा तो भाग अण्णांनी तंतोतंत पाळला आहे. त्यांच्याकडे पाणी मागितलं की उत्तर ठरलेलं: "आत्ता नको. पुढे लागेल." हे 'पुढे' नेमकं कुठे येतं, ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. अष्टविनायकाला गेलेली बाटली आठही गणपती करून भरलेली परत आली. फारच कोणाच्या गळ्याशी आलं, तर अण्णा देतात, नाही असं नाही, पण झाकणाने. झाकण काठोकाठ भरतात, हात न हलू देता पुढे करतात आणि पिणाऱ्याच्या गळ्यातून ते खाली उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. दुसरं झाकण मागायची कोणाची छाती झालेली नाही.

"यांच्या बाटल्यांचा पासपोर्ट काढायचा तेवढा राहिलाय," असं काकू, म्हणजे अण्णांच्या सौ., आमच्या सिंगापूर-क्रूझच्या सहलीला निघताना म्हणाल्या.

सिंगापूर अण्णांना पहिल्या दिवशीच पटलं. गाइड उंच इमारती दाखवत होता, अण्णांनी पाणी कुठून येतं ते विचारलं. गाइड बिचारा खूश झाला. हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारत नसावं. १९६२ च्या कराराने सिंगापूरला जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलन पाणी उचलता येतं, भाव हजार गॅलनला मलेशियाचे ३ सेन. करार २०६१ मध्ये संपणार. तेव्हा अडायला नको म्हणून या देशाने समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने उभारले, पावसाचा थेंब न् थेंब अडवला आणि सांडपाणी शुद्ध करून 'न्यूवॉटर' या नावाने पुन्हा वापरात आणलं. अण्णा थांबले. "२०६१!" ते म्हणाले. "आणि हे आत्तापासून भरून ठेवताहेत." त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला स्पष्ट दिसलं: पायमोजा चढवलेलं एक अख्खं राष्ट्र.

बोटीवर चढताना मात्र पहिला खटका उडाला. भरलेल्या बाटल्या आत चालणार नव्हत्या, रिकाम्या चालणार होत्या. विमानात पाणी नेता येत नाही, ते अण्णांनी स्वीकारलं आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरच्या वर काही नेऊ देत नाहीत, हे ते स्वतःच लोकांना समजावतात. बोटीला त्या नियमाशी देणंघेणं नाही. तिची भीती वेगळी. बोटीच्या कमाईत बारचा वाटा मोठा, आणि प्रवासी घरून दारू आणतात: व्होडका पाण्याच्या बाटलीत, किंवा हिरवा रंग घालून गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीत. या हिकमतींना कंटाळून अमेरिकेतल्या कार्निव्हल कंपनीने २०१५ च्या जुलैपासून बाहेरचं बाटलीबंद पाणीच चढू देणं बंद केलं. इतरांचे नियम कमी-जास्त आहेत, रोख तोच. टूर मॅनेजरने हे सांगितलं तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, व्यावसायिक कौतुक होतं. "गुळण्यांच्या औषधात!" ते म्हणाले. "आमच्याकडे तुपाच्या डब्यात यायचं." मग त्यांनी तिन्ही बाटल्या कुंडीतल्या झाडांना वाहिल्या आणि रिकाम्या बाटल्यांनिशी बोटीचा उंबरठा ओलांडला. काकूंच्या मते लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

चढल्याबरोबर लोक जलतरण तलाव बघायला गेले. अण्णा स्वागतकक्षात गेले आणि त्यांनी विचारलं, "हे नळाचं पाणी कुठलं?"

"समुद्राचं, सर," मुलगी हसून म्हणाली.

अण्णांनी काउंटर धरला. पण मुलगी हुशार होती. इंजिनाची जी उष्णता वाया जायची तिच्यावर समुद्राचं पाणी तापवतात. टाकीतली हवा काढून दाब कमी केलेला असतो, त्यामुळे ते शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळतं. त्याची वाफ थंड करून पाणी करतात. काही यंत्रांत बारीक पडद्यांतून जोर देऊन गाळतात. मग त्यात क्षार घालतात, क्लोरीन घालतात आणि नळाला सोडतात. अण्णांनी सगळं ऐकून निवाडा दिला: "म्हणजे पावसासारखंच. समुद्र, वाफ, पाणी. आमच्याकडे मधे भांडुपचं शुद्धीकरण केंद्र लागतं, इथे इंजिन." आणखी एक माहिती मिळाली, तिने तर ते हर्षभरित झाले. बंदरातलं पाणी घाण असतं म्हणून किनाऱ्याजवळ हा कारखाना चालवत नाहीत. भर समुद्रात असताना पाणी करून टाक्या भरून ठेवतात. "बघा!" अण्णा आम्हाला म्हणाले. "बोटसुद्धा भरून ठेवते. तुम्हीच काय ते शहाणे."

नळाचं पाणी फुकट आणि उत्तम आहे, आणि शेजारच्याच फ्रिजमध्ये तेवढंच पाणी बाटलीत भरून डॉलरने विकायला ठेवलं आहे, हे अण्णांनी ताबडतोब हेरलं. त्या फ्रिजसमोर ते रोज एकदा उभे राहत. घेत काही नसत. कोणी घेतलंच, तर त्याच्याकडे, घरात मृत्यू झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघत.

भरण्याची जागा म्हणजे बुफे. तिथे पाटी होती: नळाखाली बाटली थेट धरू नये. कारण रास्त आहे. बाटलीला आपलं तोंड लागलेलं असतं. तिचा गळा नळाच्या तोटीला टेकला की आपल्या पोटातलं दुखणं दोन हजार लोकांत वाटलं जातं, आणि बोटीवर नोरोव्हायरस शिरला की जुलाब-उलट्यांना केबिनच्या भिंती आवरत नाहीत. म्हणून आधी ग्लास भरायचा, मग ग्लासातून बाटलीत ओतायचं. अण्णांना हा नियम मनापासून आवडला, कारण त्याने भरण्याला विधीचं रूप आलं. थोरलीला पाच ग्लास, मधलीला पाच, धाकटीला सव्वा. एकही थेंब बाहेर नाही. मागे चिनी, फिलिपिनो, गुजराती अशी आंतरराष्ट्रीय रांग लागे. कोणी घसा खाकरला तर अण्णा न वळता म्हणत, "वन मिनिट. सेकंड बॉटल."

पिनांगला बोट स्वेटनहॅम पिअरला लागली. उतरलं की समोरच जॉर्ज टाउन, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीतलं. धक्क्याजवळच घड्याळाचा पांढरा मनोरा आहे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून बांधलेला, उंची ६० फूट. वर्षाला एक फूट हा हिशेब अण्णांना चोख वाटला. इंग्रजांबद्दल ते एवढंच चांगलं बोलले. ऊन रणरणत होतं. दमट हवेत सगळे निथळत होते आणि अण्णांच्या पिशवीत लिटरभर पाणी, ओल्या मोज्यात, शाबूत होतं. काकूंनी मारिअम्मनच्या देवळापाशी मागितलं. "पुढे लागेल." लिटल इंडियात मागितलं. "पुढे लागेल." शेवटी काकूंनी शहाळं घेतलं आणि ते अण्णांकडे पाठ करून, सावकाश, आवाज करत प्यायल्या.

दुपारी केक लोक सीच्या बौद्ध मंदिराच्या पायऱ्या होत्या. आमच्यातल्या बँकवाल्या गृहस्थांनी सकाळपासून बसमध्ये अण्णांच्या बाटल्यांवर विनोद करून हशा घेतला होता. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर त्यांना गरगरायला लागलं. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. गोळी होती, पाणी नव्हतं. ते काही बोलायच्या आत अण्णांनी शर्टातली धाकटी काढली, झाकण बाजूला ठेवलं आणि अख्खी बाटली त्यांच्या हातात दिली. "औषधाला माप नाही," म्हणाले. ते पाणी पिईपर्यंत अण्णा दुसरीकडे बघत होते.

हा माणूस कंजूष नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. चाळीच्या नळाशी रांगेत उभं राहून, नंबर गेला तर शेजाऱ्याकडून कळशी मागून ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना तहानेचं विशेष काही वाटत नाही. मागावं लागण्याचं वाटतं. आपण कोणापुढे हात पसरायचा नाही, आणि आपल्यापुढे कोणी पसरला तर तो रिकामा जाऊ द्यायचा नाही. या दोन गोष्टी साधायच्या तर बाटली भरलेलीच हवी, आणि भरलेली ठेवायची तर ती प्यायची कशी? अण्णांचं तत्त्वज्ञान हे असं गोल फिरतं आणि त्यात कुठेही गळती नाही.

संध्याकाळी बोटीवर परतताना खरी कसोटी लागली. गँगवेपाशी बोटीच्या लोकांनी थंड पाण्याचे ग्लास मांडून ठेवले होते. सगळे तुटून पडले. अण्णा एक ग्लास प्यायले आणि पिशवीवर हात ठेवून समाधानाने म्हणाले, "आपलं वाचलं." मग पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. स्टीलच्या आरपार यंत्राला दिसेना.

"व्हॉट्स इन द बॉटल, सर?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"युवर वॉटर," अण्णा म्हणाले. "मॉर्निंग गोइंग, ईव्हनिंग कमिंग. नथिंग ॲडेड." आणि त्यांनी आपला चेहरा वाचण्यासाठी पुढे केला.

त्या पोराने चेहरा वाचला नाही. त्याने मोजा उतरवला, आणि 'सप्रेम भेट' वाचलं. त्याच्या बिल्ल्यावर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं होतं.

"काका, खंयचे?"

"मुलुंड. मूळचे देवगड."

"मी कणकवलीचो." तो हसला. मग पुन्हा गंभीर झाला. "पाणीच मां? मगे एक घोट घेवन दाखवा."

अण्णा गडबडले. "आत्ता?"

"आताच."

"पण मला तहान नाही."

मागे रांग वाढत होती. काकू पुढे झाल्या. "घ्या हो. सकाळपासून मी मागतेय, मला नाही दिलंत. निदान बोटीला तरी द्या."

अण्णांनी डोळे मिटले आणि एक घोट घेतला. आख्खं पिनांग बघून आलेलं ते पाणी चांगलंच कोमट झालेलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पोराने बाटली परत दिली. "जावा, काका."

इथे अण्णा गेले असते तर गोष्ट संपली असती. पण त्यांच्या आतला नाका जागा झाला होता. ते तिथेच उभे राहिले.

"तू दुसरी बघितलीच नाहीस," ते म्हणाले.

"दुसरी?"

"बाळा, पहिली नेहमी चांगलीच असते. ती दाखवायलाच ठेवलेली असते. माल दुसऱ्यात असतो. आमच्या हाताखाली असतास तर मेमो मिळाला असता."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, कारण दुसरीत काय आहे ते फक्त त्यांना माहीत होतं. सकाळी नाश्त्याला अण्णांनी चार वाट्या दही घेतलं होतं, मीठ-मिरपूड मागून घेतली होती आणि मधल्या बाटलीत घालून घुसळून ताक केलं होतं. उन्हात फिरलेलं ते ताक आता आपल्या मर्जीने वागत होतं. पोराने झाकण अर्धं फिरवलं आणि फस्सकन् आवाज झाला. फेस त्याच्या हातमोज्यावरून मनगटापर्यंत आला. मागची रांग दोन पावलं हटली. दुसरा एक रक्षक धावत आला.

"ह्या काय?"

"ताक. तुमच्याच दह्याचं."

पोराने बाटली नाकाशी नेली. आंब्याचा जुना वास आणि ताकाचा नवा यांतून वाट काढायला त्याला थोडा वेळ लागला. त्याचा साहेब शेजारी येऊन उभा राहिला होता. सगळी रांग निकालाची वाट बघत होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "हिंग घालूक नाय?"

"बोटीवर मिळाला नाही."

"तरीच." त्याने साहेबाला इंग्रजीत सांगितलं, की हे भारतीय पेय आहे, दारू नाही. मग अण्णांकडे वळला. "पण ह्या मात्र वतूचा लागतला."

अण्णांनी तक्रार केली नाही. आंबलेला माल आत सोडायचा नाही हे नियमाला धरूनच होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने बादलीत ताक ओतलं, बाटली दोनदा झटकली आणि विचारलं, "जप्त मालाची पावती?"

पावती मिळाली नाही. त्याचा सल त्यांना सिंगापूरपर्यंत राहिला.

परतीच्या दिवशी टूर कंपनीने प्रत्येकाला आठवण म्हणून एकेक नवी बाटली दिली. पुन्हा पुन्हा भरायची, कंपनीचं बोधचिन्ह असलेली. गटात एकदम सगळेच बाटलीवाले झाले. मला वाटलं, अण्णांना हे लागेल. इतकी वर्षं एकहाती सांभाळलेलं खातं असं सर्वांना वाटून टाकलेलं. त्यांनी एक बाटली उलटी करून पाहिली, झाकणाची रबरी चकती नखाने दाबून पाहिली. "चालेल," म्हणाले. मग चांगीच्या विमानतळावर, इमिग्रेशन पार पडल्याबरोबर, त्यांनी सगळ्या गटाला पिण्याच्या पाण्याच्या नळाशी उभं केलं. "भरून घ्या. विमानात पेला देतात, तो एवढासा." बँकवाल्या गृहस्थांनी सर्वांत आधी भरली.

चांगीला बहुतेक टर्मिनलांवर सामानाची तपासणी थेट गेटपाशी होते, हे गटातल्या कोणाच्याच लक्षात नव्हतं. गेटवर सगळे पोचले ते काठोकाठ भरलेल्या बाटल्या घेऊन. पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या एकट्या मुलीने ही पलटण बघितली आणि तिचा चेहरा पडला. प्रत्येकाला थांबवा, समजवा, ओतायला लावा. मागे विमान भरायचं आहे.

अण्णा रांगेतून बाहेर आले. त्यांनी पिशवी काकूंच्या हातात दिली, ओतायची बादली पायाने अर्धा हात पुढे सरकवली आणि तिच्याशेजारी उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून.

"झाकण उघडा. ओता. पालथी करून दाखवा. पुढे व्हा," त्यांनी सुरू केलं. "मोबाइल ट्रेमध्ये. बेल्ट काढा. ताई, तुमची दुसरी कुठे आहे? ती खालची. हां." रांग सरसर सरकू लागली. त्या मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, गळ्यात ओळखपत्र आहे का ते शोधलं, ते नाही असं दिसल्यावरही काही बोलली नाही. आमचा बाकीचा गट संपला तरी अण्णा हलले नाहीत. मागून एक उंच ऑस्ट्रेलियन आला, हातात निळी बाटली, तळाशी थोडंसं काहीतरी हलत होतं.

"व्हॉट इज इन बॉटल?" अण्णांनी विचारलं.

"जस्ट वॉटर, मेट."

अण्णांनी त्याचा चेहरा वाचला. "ड्रिंक अँड शो."

त्याने निमूटपणे ते पिऊन दाखवलं, बाटली पालथी केली आणि वर थँक्यू म्हणून पुढे गेला.

काकू पट्ट्याच्या अलीकडे थांबून सगळं बघत होत्या. त्यांच्या हातातली पिशवी अजून यंत्रातून जायची होती आणि तिच्यात थोरली होती, ओल्या मोज्यातली, गळ्यापर्यंत भरलेली.

"अहो," त्या म्हणाल्या, "आणि तुमची?"

"अगं, असू दे," अण्णा म्हणाले. "ड्युटीवरच्या माणसाची बाटली कधी तपासतात का?"